काठावर काढलेल्या चपला

रोज सकाळी गाडीत बसण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी मारते. सावकाश, चारही चाकांकडे बघत, मध्येच वाकून गाडीच्या पोटाखाली डोकावत. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला वाटतं, बाई फार भाविक आहेत. एकदा त्याने विचारलंच, "मॅडम, हे कुठल्या देवाचं आहे?" मी म्हटलं, "भालूकाकांचं." त्याने मनोभावे हात जोडले. समुद्राकडचा एखादा जागृत देव असावा, असा त्याचा समज झाला. मीही तो दूर केला नाही. भालूकाका असते तर पोट धरून हसले असते आणि वर म्हणाले असते, "त्याला पन फिरायला सांग गो. मांजर झोपते गाडीखाली."

भालूकाका आता नाहीत. ते सातपाटीचे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून घालवली. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. दर्यावर त्याचा शब्द शेवटचा. पुढे बोट सोडून ते मोटार चालवायला शिकले, आणि शिकले ते लोकांना शिकवायलाच. मी त्यांची विद्यार्थिनी. हुशार होते असं मात्र कोणी म्हणणार नाही.

आम्ही मूळचे बार्शीचे. ह्यांना तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली, मलाही जवळच्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि सालवडला बिऱ्हाड थाटलं. जुनी गाडी घेतली तेव्हा ह्यांनी मला शिकवायचं मोठ्या हौसेने ठरवलं. थोड्याच दिवसांत ते भर रस्त्यात गाडीतून उतरले आणि बोईसरच्या बाजारातून पायी घरी गेले. दोष माझाच धरला गेला. मी लहानपणापासून तंद्रीत असते. दूध उतू जाण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही. "तू गाडी चालवू नकोस, गाडीला वाईट वाटतं," असं हे म्हणायचे. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, "पालघरहून सातपाटीला जाताना भालूकाका भेटतील. त्यांच्याकडे जा. ते कोणालाच नाही म्हणत नाहीत."

त्या रविवारी मी तिथे गेले तर ना पाटी, ना ऑफिस. रस्त्याकडेला चहाची टपरी होती. टपरीवाल्याने मला वरखाली पाहिलं आणि म्हणाला, "त्या बाभलीखाली चपला दिसतात काय?"

"दिसतात."

"मंग तिथं बसा. चपला हाय म्हंजे मानूस येनार."

बाभळीखाली चामड्याच्या चपला जोडीने ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. मी त्यांच्याशेजारी दगडावर बसले. समोर जुनं, बंद पडलेलं मिठागर पसरलं होतं. पांढुरकी कडक जमीन, मधूनच साचलेलं उथळ पाणी, त्यात उतरलेलं आभाळ. कुठे जमीन संपते आणि कुठे पाणी सुरू होतं ते कळत नव्हतं. वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास होता. बघता बघता माझी तंद्री लागली. आणि त्या पांढऱ्यातून एक पांढरी गाडी आवाज न करता माझ्याकडे येताना दिसली, बंदराला लागणाऱ्या बोटीसारखी सावकाश. आत एक घामाघूम तरुण स्टिअरिंगला लटकला होता आणि त्याच्या शेजारी काळाकभिन्न, पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला म्हातारा डोळे मिटून बसला होता. गाडी थांबली. म्हाताऱ्याने दार उघडून अनवाणी पाय बाहेर टाकले ते थेट चपलांत.

"बोटीत चढताना चपला काठावर काढायच्या," त्यांनी मला सांगितलं. "बोट म्हंजे घर. घरात चपला घालून कोन जातो?"

त्यामुळे त्यांची शिकवणी जिथून सुरू होई तिथेच संपावी लागे. कधी वाटेत काही निघालं, गाडी दुसरीकडेच थांबली, की काका अनवाणी घरी जात आणि चपला रात्रभर रस्त्याकडेला राहत. कोणी चोरत नसे. सातपाटी रस्त्यावरच्या लोकांना त्या चपला बघून कळायचं की म्हातारा पाण्यात आहे. रस्त्याला काका पाणीच म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला इंजिन सुरूच करू दिलं नाही. "घाई कसली? पयला तिला भेट," म्हणून गाडीभोवती फिरवलं. टायरवर तळहात ठेवायला लावला. खाली वाकून बघायला लावलं. मग आत बसवून काचा खाली करायला लावल्या आणि विचारलं, "काय काय आयकू येते?"

"काही नाही. वारा."

"वाऱ्याच्या मागं?"

मी कान दिला. दूर कुठे बैलगाडीच्या चाकाची करकर होती. एक बाई कोणाला तरी हाका मारत होती. कोंबडा होता. "हां," ते म्हणाले. "या सगल्यांच्या मधून आपल्याला जायचा हाय. कोनाला धक्का नाय लावायचा."

मी धीर करून सांगून टाकलं, की मी तंद्रीत असते, घरचे म्हणतात मला जमणार नाही. ते हसले. "दर्यावर सगलेच सपनात असतात गो बाय. नायतर एवढा पानी बघून मानूस येडा होईल. पन सपनात पन हात जागा पायजे." माझ्या त्या खोडीला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी चांगलं म्हटलं होतं. मला एकदम रडू आलं. काकांनी ते पाहिलं, आणि काच पुसायचा फडका पुढे केला. त्याला बोंबलांचा वास होता.

त्यांच्या गाडीत सगळ्यालाच तो वास होता. समोरच्या कप्प्यात गाडीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, शेजारी बॅटरी आणि धुऊन घडी घातलेली जुन्या सुती लुगड्यांची फडकी, कुठे कोणाला लागलं तर दाबून धरायला. डिकीत दोरखंड, घमेलं आणि रेतीची गोणी. रेतीचं मला नवल वाटायचं. ते लवकरच फिटलं.

सातपाटीहून सकाळी मासळीचे टेम्पो पालघरकडे निघतात. वाटेत बर्फ वितळतो, आणि मासळीचं ते बुळबुळीत पाणी टेम्पोच्या फळ्यांतून रस्त्यावर गळत जातं. खाडीपुलाजवळच्या वळणावर टेम्पो कलले की ते भसकन सांडतं. दुचाकीवाल्याला दिसत नाही. ओला रस्ता म्हणून तो येतो आणि घसरतो. काका रोज सकाळी त्या वळणाच्या अलीकडे गाडी बाजूला घेत, चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकते ठेवत, पुढे-मागे बाभळीची एकेक फांदी टाकत आणि घमेल्याने रेती पसरत. टेम्पोतून बाजाराला निघालेल्या बायका त्यांची टर उडवायच्या.

"काय रं भालू, रस्त्याला मीठ लावतोस काय? सुकवून खानार?"

"तुज्यासाठीच लावतो गो! तू पडलीस तर उचलायला क्रेन लागल!"

टेम्पोभर हशा पिकायचा. नारळी पौर्णिमेला सगळं गाव दर्याला नारळ देतं. काका दोन नारळ घेत, एक दर्याला आणि एक त्या वळणाला. वळणावरचा नारळ ते फोडत नसत. पुलावरून खाडीत सोडत आणि तो वाहत वाहत नजरेआड होईपर्यंत कठड्याला टेकून उभे राहत.

आता त्यांच्या शिकवण्यातला मुख्य भाग सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. गाडी नीट चालू लागली, आपल्याला आता येतंय असं वाटू लागलं, की मिठागराच्या मधोमध काका अचानक समोर थाप मारून ओरडत, "झाला!" झाला म्हणजे अपघात झाला. आता तू काय करशील ते कर. ब्रेक, हँडब्रेक, इंजिन बंद, दिवे लुकलुकते. मग एक लांब श्वास. आधी स्वतःला चाचपून बघायचं, मग आरशात मागे बघून उतरायचं. आपली गाडी कोणाला नवी आडवी येत नाही ना ते पाहायचं. गाडी हलवण्याआधी फोटो. मदतीला फोन. भांडायचं नाही, पळायचं तर नाहीच. "बोटीवर मानूस पान्यात पडला तर सगले ओरडत नाय," ते सांगत. "ओरडला की हात चुकतो. बोटीवर तवा एकाचाच आवाज. बाकीचे गप. रस्त्यावर पन तसाच."

हे सांगून होईपर्यंत काका स्वतः जमिनीवर आडवे पडलेले असत. जखमी माणसाची भूमिका त्यांची. कण्हत काय, हात-पाय काय झाडत! इस्त्रीचा शर्ट मिठाच्या धुळीने माखून जायचा. मला हसू आवरायचं नाही. एकदा ते असेच पडले आणि मी उत्साहाच्या भरात धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढून उठवायला लागले.

त्यांचं कण्हणं थांबलं. सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. मी खाली पाहिलं तर चेहरा मी कधी न पाहिलेला.

"हात सोड," ते हळू आवाजात म्हणाले.

मी सोडले. ते उठले, कपडे न झटकता मिठागरावरून तिरपे गावाकडे चालत निघाले. गाडीची किल्ली गाडीलाच होती. चपला बाभळीखाली. मी हाका मारत राहिले, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

चपला तिथेच ठेवून जाणं मला जमेना. किल्ली आणि चपला पिशवीत घालून मी रिक्षाने सातपाटी गाठलं. विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले तर दाराला कडी. शेजारच्या ओटीवर एक माणूस खाटेवर टेकून जाळं विणत होता. कमरेखाली चादर. वरचं अंग मात्र पैलवानाचं, आणि हातातली सुई अशी सरसर चाललेली की बघत राहावं.

"चपला आनल्यास? ठेव तिथं," तो म्हणाला. "येल तो. राग आला की बंदरावर जाऊन बसतो. मी दत्तू. बस गो."

दत्तूकाका आणि भालूकाका लंगोटीयार. एकाच बोटीवर वाढलेले. दत्तूकाकांची बायको, यमुनामावशी, कोरा चहा घेऊन आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी झाला प्रकार सांगितला. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"काखेत हात घातलास?" दत्तूकाका म्हणाले. "मंग तो जानारच."

त्यांनी जे सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी हे दोघे मासळी घेऊन निघाले होते, दोन टेम्पोंत पुढे-मागे. पुलाजवळच्या त्या वळणावर पुढचा टेम्पो कलंडला. दत्तूकाका उडून शेतात पडले. भालूकाका मागच्या टेम्पोतून उडी मारून धावले, काखेत हात घालून त्यांना उचकटलं, पालथं खांद्यावर टाकलं, डोकं खाली, पाय वर, आणि तसेच धावत सुटले. बुडालेल्या माणसाला दर्यातून काढला की असंच उचलतात, पोटातलं पाणी निघावं म्हणून. हयातभर त्यांनी माणसं अशीच उचलली होती.

"पन मी कुठं बुडलो होतो?" दत्तूकाका हसत म्हणाले. "सुका शेत होता. नाकात धूल गेली ती तेवढी निघाली." मग सुई थांबली. "दवाखान्यात डाक्टरने इचारला, कोनी उचलला, कसा उचलला? भालूने सांगितला. डाक्टर गप बसला. तेवापासून भालू पन गप हाय."

पाठीचा कणा पडतानाच मोडला, की उचलताना, हे कोणालाच सांगता आलं नाही. पुढेही येणार नव्हतं. भालूकाकांनी त्यानंतर बोट सोडली. ते रोज संध्याकाळी या ओटीवर येत, मासळी आणत, गावच्या बातम्या सांगत, जाळ्याचा दोरा गुंडाळून देत. पण दत्तूकाकांच्या अंगाला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. खाटेवरून खुर्चीवर घ्यायची वेळ आली की ते उठून बाहेर जाऊन उभे राहत.

"आन हा काय कमी हाय?" यमुनामावशी एकदम तडकली. "दर्या तिकडं, गल्लीच्या टोकाला. दोन्ही जावई बोलतात, बाबा, उचलून नेतो. हा बोलतो, नाय. भालू उचलेल तेवाच दर्या बघीन. तो उचलत नाय आन हा जात नाय. लाटांचा आवाज आयकत पडलाय."

दत्तूकाका पुन्हा विणायला लागले होते. "त्याला वाटते त्याने मला मोडला. मी बोलतो, मला ठाऊक नाय. तर मंग त्याला एकट्याला कसा ठाऊक?" ते म्हणाले. "मला दुसऱ्याच्या हातानं जायचा नाय. बस."

मी परत येताना बंदराकडे पाहिलं. ओहोटी होती. चिखलात कललेल्या होड्यांपलीकडे एक पांढरा शर्ट बसलेला दिसला. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी वाईटही वाटलं. पुढच्या रविवारी काका काही न झाल्यासारखे बाभळीखाली हजर होते. फक्त त्या दिवसापासून ते माझ्याशी अधिक मोकळे झाले. दत्तूने सगला सांगितला ना, असं त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. एकदाच, गाडी मिठागराच्या कडेने चालली असताना, ते समोर बघत म्हणाले, "रस्त्यावर पानी कुठं होता गो? पन माज्या हाताला कोन सांगनार?"

हिवाळा आला. सकाळी खाडीवर धुकं साचायला लागलं. माझी परीक्षा जवळ आली होती, म्हणून काका मला खऱ्या रस्त्यावर नेऊ लागले. त्या दिवशी आम्ही वळणावर रेती टाकायलाच निघालो होतो. मी गाडी चालवत होते, ते शेजारी. पूल धुक्यात अर्धाच दिसत होता. मी वेग कमी केला, आणि धुक्यातून समोर एक स्कूटर आली. चालवणाऱ्या मुलीने मला पाहिलं असेल-नसेल, तोवर तिचं चाक मासळीच्या पाण्यावरून सरकलं. मी ब्रेक दाबून गाडी थांबवली होती. तरीही ती स्कूटर फरफटत आली आणि पुढच्या बंपरवर आपटली. मुलगी स्कूटरच्या मागे, रस्त्याच्या मधोमध.

काकांनी "झाला" म्हटलं नाही. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाय, हात." आणि माझे हात जागे झाले. हँडब्रेक, इंजिन, दिवे. श्वास घेऊन मी शेजारी पाहिलं तर सीट रिकामी.

ते त्या मुलीच्या डोक्याशी पालथे आडवे झाले होते. कोपरं रस्त्यावर टेकलेली, दोन्ही तळहात तिच्या हेल्मेटच्या दोन बाजूंना. ती उठायला धडपडत होती. "नको गो पोरी. हलू नको. मी हाय. नाव काय तुजा?"

"रंजना."

"कुठली?"

"विक्रमगडची."

"शेतात काय टाकलाय यंदा?"

"वाल... वाल टाकलाय. माझी मान..."

"मान माज्याकडं दिलीस. तू वालाचा सांग."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला, नेमकी जागा सांगितली. मागे-पुढे फांद्या टाकल्या. तोवर माणसं जमली होती. बोईसरकडे कामाला निघालेले रिक्षातले लोक, दुचाकीवाले. "अरे उठाओ लडकी को, टेम्पो में डालो!" "हेल्मेट काढा, पाणी पाजा!" सगळे एकदम बोलत होते. कोणीतरी तिच्या पायाला हात घातला. "कोनी हात लावायचा नाय!" काका ओरडले. तेवढ्याने कोणाला तरी वाटलं, गाडी यानेच ठोकली आणि आता हा अडवतोय. एका तगड्या माणसाने काकांची कॉलर धरून ओढली. शर्ट टरकन फाटला. पाठीत एक बुक्की बसली, मग दुसरी. मी मध्ये पडायला धावले तर मला कोणी जाऊ देईना.

काकांनी हात सोडले नाहीत. तोंड चुकवलं नाही, अंग आवरलं नाही. हातांची जागा तसूभरही हलू दिली नाही. "मार बाबा," ते म्हणाले. "पन हिला हलवू नको."

आणि तेव्हा सातपाटीकडून बायकांचा टेम्पो आला. काकांनी मान न वळवता, पडल्या पडल्याच, आवाज दिला. तो आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता. दर्यावर वाऱ्याच्या वरून जाणारा तांडेलाचा आवाज. "एकाचाच आवाज!"

बायका क्षणभरात गप्प झाल्या. त्यांच्या बापा-नवऱ्यांच्या बोटींवरचा हुकूम होता तो. मासळीच्या पाट्या टेम्पोतच ठेवून त्या उतरल्या आणि त्या मुलीभोवती, पाठ आत, तोंड बाहेर, कडं करून उभ्या राहिल्या. ज्या बाईने रस्ता सुकवण्यावरून टर उडवली होती, तिने त्या तगड्या माणसाला एका हाताने मागे सारलं. कोणी बोलेना. खाली फक्त भालूकाका बोलत होते, वालाच्या शेंगांबद्दल, आणि ती मुलगी तुटक तुटक उत्तरं देत होती. धुक्यात सगळं इतकं शांत झालं की पुलाखालचं पाणी ऐकू यायला लागलं.

"बाय," कड्याच्या आतून आवाज आला, "रेती टाक गो. आजून कोन घसरल."

मी डिकी उघडून रेती पसरायला घेतली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काम करत होते.

रुग्णवाहिका आली. आतल्या माणसांनी तिच्या मानेला पट्टा बांधला, फळीवर घेतलं, मगच काकांनी हात काढले. गाडी निघून गेली तरी ते हात तसेच राहिले, ओंजळ धरल्यासारखे. मी फडका पुढे केला. तो घ्यायलाही त्यांची बोटं उघडेनात.

पोलीस चौकीत आम्ही आपण होऊन गेलो. "जितका बघितला तितकाच सांग," त्यांनी बाहेर मला बजावलं. "नाय बघितला ते नाय बघितला." मारणाऱ्या माणसाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "घाबरला होता तो. शर्ट जुनाच होता." दवाखान्यातून निरोप आला की मुलीच्या मानेच्या हाडाला तडा आहे, पण नस वाचली आहे, तिला हलवलं नाही ते फार बरं झालं. मी तो निरोप काकांना सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि अनवाणीच सातपाटीच्या रस्त्याला लागले.

उन्हाळ्यात रंजना त्यांना शोधत आली, ताडगोळ्यांची टोपली घेऊन. मी तेव्हा दत्तूकाकांच्या ओटीवरच होते. दत्तूकाकांनी तिला बसू दिलं नाही. "पोरी, त्या विहिरीपरेंत चालून ये बघू." ती लाजली, पण गेली. चालत गेली, चालत आली, येताना थोडी पळालीसुद्धा. दत्तूकाका तिच्या पावलांकडे बघत होते. भालूकाका खाली मान घालून ताडगोळे सोलत होते.

"बघितलास?" दत्तूकाका म्हणाले. "ते पन तुजेच हात."

भालूकाकांनी सोललेला ताडगोळा त्यांच्यापुढे ठेवला आणि निघून गेले. यमुनामावशीने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, संपलं. हा माणूस काही उचलत नाही.

पण एका रविवारी काका सालवडला आमच्या दारात उभे. आमच्या ह्यांना म्हणाले, "जरा खाटेवर आडवा पडतोस काय?" दवाखान्यात जाऊन, तिथल्या एका सिस्टरना गळ घालून, पाय गेलेल्या माणसाला कसं उचलायचं ते ते शिकून आले होते. एक हात खांद्यांखाली, एक गुडघ्यांखाली, मान आपल्या दंडावर, जोर पाठीचा नाही, मांड्यांचा. आमचे हे खात्यापित्या घरचे. पहिल्या दिवशी दोघेही खाटेवर पडले. मग कितीतरी रविवार हा कार्यक्रम चालला. ज्या माणसाने मला भर रस्त्यात सोडलं होतं, तो डोळे मिटून काकांच्या हातांवर निमूट पडून राहायचा आणि मला खुणेने सांगायचा, हसू नकोस. शेवटी शेवटी काका त्यांना उचलून आमच्या अंगणात एक फेरी मारत. मी दारात उभी राहून बघायची आणि माझं दूध उतू जायचं.

नारळी पौर्णिमेला मी सातपाटीला गेले. तोवर मला परवाना मिळाला होता, एकटीच गाडी घेऊन गेले. ह्यांची बदली झाली होती, सामानाची बांधाबांध सुरू होती. निरोप घ्यायचा होता. गल्लीत पताका, घराघरांतून नारळाच्या गोडाचा वास. दत्तूकाकांच्या ओटीवर खाट रिकामी होती. चादर घडी घालून ठेवलेली. जाळ्याची सुई चादरीवर.

पायरीखाली दोन जोड चपला होत्या. एक भालूकाकांच्या, झिजलेल्या. दुसऱ्या जुन्याच, पण पट्टे वाळून कडक झालेले.

यमुनामावशी गल्लीतून धापा टाकत आली. नवं लुगडं, अंबाडा सुटलेला. "नारल विसरले गो! इतका केला आन नारलच विसरले!" आत जाऊन नारळ घेऊन ती बाहेर आली, तेव्हा मी चपलांकडेच बघत होते. ती थांबली. "पेटीत ठेवल्या होत्या मी. आज बोलला, माज्या पन काठावर काढ." ती नारळ पोटाशी धरून पळाली.

मी गल्लीच्या टोकाशी गेले. पांढरी गाडी वाळूपाशी उभी होती, दारं सताड उघडी. पलीकडे सजवलेल्या बोटी, ढोल, गुलाल, सगळं गाव. त्या सगळ्यांपासून जरा बाजूला, गुडघाभर पाण्यात, भालूकाका उभे होते. त्यांच्या हातांवर दत्तूकाका. एक हात खांद्यांखाली, एक गुडघ्यांखाली, मान दंडावर. पावलं पाण्याला लागत होती. दत्तूकाका हात लांब करकरून बोटी दाखवत होते, ही कोणाची, ती कोणाची, रंग कोणी दिला, एवढी वाकडी का लावली. त्यांचा एकट्याचाच आवाज येत होता. भालूकाका पाय रोवून उभे होते. लाट आली की गुडघे थोडे वाकवत आणि लाट गेली की पुन्हा सरळ होत, पण वरचे हात हलत नव्हते.

मी जवळ गेले नाही. मागे फिरले, आणि पहिल्या दिवशी बसले होते तशी त्या चपलांशेजारी जाऊन बसले. त्यांना यायला वेळ लागणार होता.